ओढ्यात धुतलेली गाडी

९ एप्रिल १८५४, रविवार

आज माझी स्वतःची गाडी दारात उभी राहिली. समुद्रापारच्या या बेटावर सायबाच्या कोठीच्या उसात गिरमिटाची, कराराच्या मजुरीची वर्षं काढली, मग दुसऱ्याच्या गाडीवर बैल हाकत राहिलो, आणि आज लाँग माउंटनच्या कँपात माझ्याच गाडीवरून खाली उतरलो. भगवतीने बैलांच्या पायांवर पाणी घातलं, चाकांना हळदकुंकू लावलं. बघायला निम्मा कँप जमला होता. त्यात काय विशेष, असं तोंड करून मी जू सोडत होतो, पण एक डोळा गाडीवरच होता.

गाडी जुनी आहे. मालकाला पोर्ट लुईला दुकान टाकायचं होतं म्हणून स्वस्तात सुटली. बैल मादागास्करचे, एक तांबडा, एक भुरका. भुरका डावीकडे ओढतो. डाव्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली आहे. चाकं करणारा क्रेओल आल्फोंस चाकाला कान लावून बसला आणि म्हणाला, "तो शारेत पे प्लोरे." तुझी गाडी रडते आहे.

राजापुरात मामाच्या दुकानात होतो तेव्हा रोजचं रोज लिहून ठेवायची सवय लागली होती. इथे आल्यावर लिहिण्यासारखं माझं काही नव्हतं. आता आहे. गाडीचं काय मोडलं, काय बदललं, काय लागलं, ते या वहीत लिहीन. भगवती म्हणते, "लिहून चाक फिरतं का हो?"

सगळ्यांच्या शेवटी जयदेव आला. आम्ही एकाच जहाजातून आलो. धक्क्यावर उतरलो तेव्हा मी तापाने फणफणलो होतो, आणि तो साताऱ्याकडचा अनोळखी माणूस मला पाठुंगळी घेऊन पायऱ्या चढला. तेव्हापासून तो मला भावाच्या ठिकाणी आहे. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "आरं गोवर्धन्या, हिच्यात माजी देवकी सासरला जायाची. आत्ताच सांगून ठिवतो, भाडं मिळायचं न्हाई."

देवकी त्याची थोरली. तेर रूज गावचं स्थळ ठरलं आहे. मी म्हटलं, भाडं कसलं, मीच हाकणार.

२३ एप्रिल, रविवार

धाव बसवली. आल्फोंसने ओढ्याकाठी गोवऱ्यांचा जाळ करून लोखंडाचं कडं लाल केलं, आम्ही चिमट्यांनी धरून चाकावर उतरवलं. लाकूड धुरावलं. तेवढ्यात जयदेवची बायको सत्यवती आणि कँपातल्या बायका पाणवठ्यावरून घागरी घेऊन धावत आल्या, धडाधड पाणी ओतलं. वाफेत कोणी दिसेना, नुसतं सत्यवतीचं हसणं ऐकू येत होतं. ती अशी हसते की कोठीवरच्या सायबालाही कळावं.

चाक आता एकदम गप्प आहे. आल्फोंसला मजुरी दिली, वर भगवतीने पोळ्या दिल्या. वंगण दोन्ही बाजूंना. आस चांगली आहे.

१४ मे

शहरात तीन खेपा झाल्या. जाताना वैरण आणि लाकूड, येताना तांदळाची पोती. भुरक्याच्या मानेला जू लागून सोललं आहे, हळद भरली, जुवाखाली गोणपाटाची घडी दिली. गाडीचा खर्च निघून थोडं हातात राहतं. भगवतीला म्हटलं, यंदा तुला चांदीचे वाळे.

२१ मे, रविवार

पोर्ट लुईत पटकी लागली आहे, जुलाब-उलट्या होऊन माणूस दिवसात मरतो. कालची खेप अर्ध्या वाटेतून परत आणली. रस्त्याने माणसं डोक्यावर बोचकी घेऊन शहराबाहेर चालली होती. दुकानं बंद. तांदळाचा व्यापारी म्हणाला, आता मला विचारू नकोस.

२८ मे, रविवार

गाडी दारात उभी. बैल खाऊन बसून आहेत. उभ्या गाडीलाही खर्च असतो हे कोणी सांगितलं नव्हतं. उजव्या चाकाचा एक आरा चिरला आहे.

तेर रूजच्या नाक्यावर सरकारी माणूस गाड्या मागत फिरतो आहे. रोजच्या रोज रोख, खेपेच्या दुप्पट. काय वाहायचं ते तो सांगत नाही, आणि कोणी विचारतही नाही. गाडीवाले नुसते मान हलवून वाट बदलतात.

३१ मे

लिहू की नको, असा विचार करत बसलो. लिहितो. इथे नाही लिहिलं तर कुठेच बोलता येणार नाही.

काल मी नाक्यावर गेलो. मला कोणी धरून नेलं नाही, हेही लिहितो. "मिस्ये, माझी गाडी आहे," असं मीच त्या साहेबाला म्हणालो.

मुडदे वाहायचे असतात. तरटात गुंडाळून आणतात, चढवणारे वेगळे असतात, तोंडाला फडकी बांधलेले. मी पुढे बसायचं, मागे बघायचं नाही. शहराबाहेर खड्डे खणले आहेत. जाळणं नाही, मंत्र नाही, वर चुना टाकतात. तांबडा पहिल्यांदा चालेना, नाक फुरफुरत उभाच राहिला. त्याला मी मारलं. आजवर मारलं नव्हतं.

घरी सांगितलं की सरकारचा चुना वाहतो. गाडीत चुन्याची पोती असतातच, तेव्हा खोटं कुठे झालं, असं वाटेत स्वतःशी म्हणत आलो.

पण ही गाडी देवकीची आहे. लोकांना कळलं तर तिच्यात नवरी बसेल का? माझ्या घरचं पाणी तरी कोणी पिईल का? म्हणून कँपाकडे सरळ आलो नाही. उसाच्या आडवाटेने वर चढलो, वेळूच्या बेटामागे ओढा उथळ आहे तिथे गाडी आत घातली. बाहेरून काही दिसत नाही. गाडीच्या साटीच्या, तळाच्या फळ्या राख आणि काथ्या घेऊन घासल्या, तरटं पिळून पिळून धुतली, स्वतः अंघोळ केली. वाहतं पाणी सगळं घेऊन जातं. घरी पोचलो तेव्हा भगवती म्हणाली, "गाडी कशी नव्यासारखी दिसते!"

४ जून, रविवार

रोज धुतो. कंटाळा करत नाही. कितीही दमलो तरी आधी ओढा, मग घर. घासून घासून साटीचा रंग उडाला आहे. उजव्या चाकाचा आरा आल्फोंसने बदलून दिला. त्याने गाडीचा वास घेतल्यासारखं केलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मजुरी घेतली नाही. कारण सांगितलं नाही. मी पैसे त्याच्या ऐरणीवर ठेवून आलो. त्याचे उपकार कशाला?

७ जून

भगवतीला कळलं.

ती साटी झाडत होती. दोन फळ्यांच्या फटीतून तिने हिरव्या बांगडीचा तुकडा काढला आणि तळहातावर घेऊन माझ्यासमोर आली.

"चुन्याच्या पोत्यांना बांगड्या कधीपासून भरायला लागले हो?"

मी सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. नुसतं विचारलं, "आणि ती धुता कुठे?"

मी म्हटलं, वेळूच्या बेटामागे.

ती आत गेली, घागर, कळशी, तांब्या, सगळं पाणी अंगणात ओतून दिलं. मग रिकामी घागर घेऊन पार डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यावर गेली. दिवस मावळायच्या बेताला आली, पदर घामाने भिजला होता. म्हणाली, "माझ्या देवाला ते पाणी नको."

मला फार लागलं. माझ्याच घरात मी बाटलो.

११ जून, रविवार

आज भांडण. भगवतीचं म्हणणं, सत्यवतीला आणि बाकीच्या बायकांना सांगते की ओढ्याचं पाणी भरू नका, वर झऱ्यावर चला.

"का म्हणून विचारतील," मी म्हणालो.

"सांगेन, विटाळलंय."

"कोणी विटाळलं म्हणतील."

ती रिकामी कळशी घासायला लागली.

मी समजावलं की वाहतं पाणी कधी विटाळत नाही, जाणती माणसं हेच सांगतात. गंगेत काय काय सोडतात! ती म्हणाली, "गंगा केवढी आणि हा ओढा केवढा. पाऊस नाही, घोट्याएवढं तर पाणी." मला राग आला. मी तिला माझी शपथ घातली. म्हटलं, यातलं एक अक्षर बाहेर गेलं तर माझं मेलेलं तोंड बघशील.

तिने कानांवर हात ठेवले. शपथ घालायला नको होती, पण इलाज नव्हता. सत्यवतीला एक सांगितलं की कँपाला दहा कळतात.

शेजारची विद्यावती मात्र भगवतीबरोबर झऱ्यावर जायला लागली आहे. का म्हणून विचारलंही नाही तिने. सोबत मिळाली, एवढंच तिला.

१५ जून

तेर रूजहून निरोप आला. तिकडेही माणसं पडली आहेत, लग्न पुढे ढकला. जयदेव म्हणाला, "काय बिगडत न्हाई. तुजी गाडी कुटं पळून जातीय?"

आसेला वंगण. भुरक्याची मान बरी झाली.

१९ जून

पटकी कँपात आली. ओढ्याकडच्या झोपड्यांच्या पहिल्याच ओळीत तीन माणसं एका दिवसात पडली. मजुरांवरचा सरदार म्हणतो, शहरातून पळून आलेल्या कोणीतरी आणली. सगळे एकमेकांकडे बघतात. माझ्याकडे कोणी बघत नाही, कारण मी चुना वाहतो.

मी आणली का? माझ्या अंगावरून आली का? पण मी तर अंघोळ करून येतो. मला काही नाही, भगवतीला काही नाही. माझ्यामुळे आली असती तर आधी माझ्या घरात आली असती. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो आणि थोडा वेळ बरं वाटतं.

२१ जून

सत्यवती.

सकाळी पाणवठ्यावर धड होती. दुपारी जयदेवच्या झोपडीत गेलो तर डोळे खोल गेलेले, हातापायाला पेटके येत होते. देवकी उशाशी बसून तांब्याने पाणी पाजत होती. पाजलेलं राहत नव्हतं. ती पुन्हा पाजत होती.

२२ जून

गेली. उन्हं डोक्यावर यायच्या आत गेली.

जयदेव माझ्या दारात आला. रडतही नव्हता. "तिला सरकारी गाडीत न्हाई घालायची," म्हणाला. "ती लोकं पोत्यावानी फेकत्यात. गोवर्धन्या, तुजी गाडी दे."

गाडी काढली. भगवतीने साटीवर स्वतःचं लुगडं अंथरलं. आम्ही दोघांनी सत्यवतीला अलगद चढवलं, मी बैलांच्या पुढे चालत गेलो, सगळा कँप मागे. म्हातारे एकमेकांना सांगत होते, बघा, नुकती घेतलेली गाडी, लग्नासाठी ठेवलेली, आणि मैत्रासाठी विटाळ करून घेतला. एकाने माझ्या पायाला हात लावला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण मी पाय मागे घेतला नाही. तोंड उघडून "अहो, ही पहिली नव्हे" एवढं म्हणायला काय लागत होतं?

परत येताना वेळूच्या बेटाकडे वळलो. आज दोनदा धुतली.

२९ जून

नाक्यावरचं काम सोडलं. आता मागू ते दिलं तरी जाणार नाही. कँपातलीच माणसं न्यावी लागतात, आणि ती मी फुकट नेतो. प्रत्येक वेळी गाडी नीट धुतो. तेवढं तरी माझ्या हातात आहे.

जयदेवचा धाकटा मुलगाही गेला. सत्यवतीच्या पाठोपाठ.

भवानीला नारळ बोललो आहे.

२ जुलै, रविवार

आज भगवती जेवण वाढताना म्हणाली, "विद्यावतीच्या घरी एवढी सात माणसं. कोणी पडलं नाही."

मी म्हटलं, दैव.

"आपल्याकडेही नाही."

मी म्हटलं, मी नारळ बोललो आहे.

तिने वाढायचं थांबवलं. पळी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उद्यापासून मी बायकांना झऱ्यावर घेऊन जाणार. सत्यवतीच्या नावाने नवस केलाय असं सांगेन. तुमची शपथ मोडत नाही." तिच्या बोलण्याचा रोख मला कळला नाही. हो म्हटलं. नवसाने कोणाचं वाईट होत नाही.

३० जुलै, रविवार

बाराएक दिवसांत कँपात नवीन कोणी पडलेलं नाही. माझा नारळ पावला म्हणावं तर भगवती म्हणते, तिचा नवस पावला. नारळ दिला.

ऊसतोड सुरू झाली. साटीच्या फळ्या काढून टाकल्या, त्या जाळल्या. नव्या फळ्या बसवल्या. या वर्षातला हा सगळ्यात मोठा खर्च. आल्फोंसने विचारलं नाही की चांगल्या फळ्या का जाळतोस. जाळाशी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, इतकंच.

आस तीच आहे. चाकं तीच. सगळंच कसं बदलणार?

१७ सप्टेंबर

उजवी धाव झिजली. ऊस वाहून बैल खंगले आहेत. जयदेव कामावर जातो, येतो, बोलत नाही. देवकी घर सांभाळते. मी रोज सकाळी त्यांच्या दारावरून गाडी नेतो. ती हात करते, आणि माझी मान खाली जाते.

५ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न झालं. जयदेव आला. तेर रूजवाले तयार आहेत, वर्षाच्या आत उरकून घ्यावं म्हणतात. पुढच्या रविवारी. "गाडी धू, गोवर्धन्या," म्हणाला, आणि त्या दिवसांनंतर पहिल्यांदा थोडं हसला.

मी हो म्हटलं. तो गेल्यावर गोठ्यात जाऊन बसलो. नवरीला मी त्या गाडीत कसा बसवू?

८ नोव्हेंबर

संध्याकाळी चिंचेखाली माणसं बसतात. तिथे जाऊन उभा राहिलो आणि सांगून टाकलं. चुना नव्हता. सत्यवती माझ्या गाडीतली पहिली नव्हती. पैशांसाठी गेलो, आपल्या पायांनी गेलो. तुम्ही माझ्या पाया पडलात तेव्हाही गप्प राहिलो. देवकीसाठी दुसरी गाडी बघा.

एकाने चिलीम खाली ठेवली. मला वाटलं, आता उठतील आणि वाट चालू लागतील. मी त्याचीच वाट बघत होतो. बरं वाटलं असतं.

मग सगळ्यांत म्हातारा म्हणाला, "बाबा, कोणीतरी न्यायलाच हवं होतं की. माझा भाऊ पोर्टात मेला. कोणी नेला असेल? तुझ्यासारख्यानेच." दुसरा म्हणाला, पुण्य आहे त्यात, पैसे घेतले तरी.

जयदेव उठून माझ्यापाशी आला. "देवकी त्याच गाडीत बसंल," म्हणाला. "जिथं तिची आय निजली व्हती तिथंच. आयच्या मांडीवरनं सासरला गेली असं समजीन मी."

मी लहान पोरासारखा रडलो. इतके महिने जे ओझं वाहत होतो ते चिंचेखाली उतरलं. घरी येऊन भगवतीला सांगितलं. म्हटलं, आता काही लपवायचं उरलं नाही. ती चुलीत फुंकर घालत होती. म्हणाली, "सगळं सांगितलंत?"

म्हटलं, सगळं.

"बरं," म्हणाली.

१३ नोव्हेंबर

काल लग्न लागलं. गाडीला वेळूची कमान, आंब्याचे टहाळे, बैलांच्या शिंगांना तांबडा रंग. वंगण असं घातलं की चाक कुरकुरलं नाही. जावई आणि वऱ्हाड पुढे चालत होतं, देवकी मागे एकटी बसली होती. निघताना जयदेवने चाकाला हात लावून नमस्कार केला.

ओढ्यावरच्या साकवाशी आलो तेव्हा देवकी म्हणाली, "काका, आईला सारखी तहान होती. मी दिवसभर या पाणवठ्यावरून पाणी आणून पाजत होते. तरी वाचली नाही."

मी म्हटलं, पोरी, तू केलंस तेवढं कोणी केलं नसतं.

तिला धीर यावा, गाडीत बसायची भीती वाटू नये, म्हणून मी आणखी सांगितलं, "आणि या गाडीचं मनात आणू नकोस. त्या दिवसांत मी ती रोज धूत होतो. ते वर बघ, वेळूचं बेट दिसतं ना? त्याच्या मागे. फळी न फळी."

ती वर बघत राहिली. मग खाली पाणवठ्याकडे बघितलं. पुन्हा वर. तेर रूज येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. माहेर सुटताना मुली रडतात, ही रडलीसुद्धा नाही. उतरताना पाया पडायची राहून गेली. गडबडीत विसरली असेल.

२६ नोव्हेंबर, रविवार

देवकी माहेरपणाला आली आहे. संध्याकाळी जयदेव आला. मी चाक उतरवून वंगण घालत होतो. बसायला पोतं टाकलं, तो बसला नाही.

"गाडी कुटं धूत व्हतास?"

"कधी?"

"त्या दिसांत."

"वेळूच्या बेटामागे."

"रोज?"

"रोज."

"सत्यवती पडायच्या आदीबी?"

"आधीपासून. मे संपला तेव्हापासून."

मला वाटलं, लेकीला बसवलं म्हणून आता त्याच्या मनात किंतु आला. म्हणून सांगितलं, राखेने घासत होतो, काथ्याने घासत होतो, तरटंसुद्धा पिळून काढत होतो. "भवानीशपथ जयदेव, गाडीवर काही म्हणजे काही राहू दिलं नाही."

"व्हय," तो म्हणाला. "गाडीवर न्हाई ऱ्हायलं."

भगवतीने गूळपाणी आणलं. त्याने तांब्या हातात घेतला आणि तिला विचारलं, "वैनी, हे कुटलं पाणी?"

"झऱ्याचं."

"कवापास्नं झऱ्याचं?"

ती खाली बघत म्हणाली, "जूनच्या सुरुवातीपासून, भावजी."

त्याने तांब्या तसाच ओट्यावर ठेवला. एक थेंबही प्यायला नाही. चालत गेला. मी हाक मारली, वळला नाही.

मी काय वाईट बोललो ते कळत नाही. भगवती दारातच बसली आहे. दिवा लावायला उठलेली नाही.

२७ नोव्हेंबर

भगवती बोलली. म्हणाली, तुमची शपथ मोडते, मेलात तर माझ्या कपाळावर. मग एकेक घर सांगितलं. ओढ्याचं पाणी कोण पीत होतं, कोण पडलं. झऱ्याचं कोण पीत होतं. बायका झऱ्यावर यायला लागल्या तेव्हापासून काय झालं. तिने बोटांवर काही मोजलं नाही, नुसती घरांची नावं घेत गेली, आणि मी ऐकत गेलो.

"पाणी खाली जातं हो," म्हणाली. "तुम्ही वर धूत होतात."

मी म्हटलं, वाहतं पाणी विटाळत नाही.

ती म्हणाली, "हे जयदेव भावजींना जाऊन सांगा."

मग म्हणाली, "मला जूनमध्येच कळलं होतं असं नाही. नुसती किळस वाटली होती. पण सत्यवतीला सांगावंसं वाटलं होतं. तिने ऐकलं असतं. ती हसली असती आणि आली असती."

मला जेवण गेलं नाही. मी लपवत होतो ते मुडदे वाहण्याचं. त्याची मला लाज वाटत होती. ती लाज झाकण्यासाठी मी रोज आडवाटेने वर चढत होतो. सरळ रस्त्याने, सगळ्यांच्या देखत आलो असतो, कँपाच्या खाली गाडी धुतली असती, तर लोकांनी फार तर तोंड फिरवलं असतं.

१० डिसेंबर, रविवार

कोठीवरून तीन जुनी पिंपं विकत घेतली, आल्फोंसकडून कड्या घट्ट करून घेतल्या. रोज पहाटे झऱ्यावर भरतो आणि कँपात आणतो. ऊस वाहायला त्यानंतर जातो. पाण्याचं ओझं जड, उतारावर गाडी पुढे रेटते, डाव्या चाकाची खीळ वाकली ती बदलली. पैसे घेत नाही. कँप म्हणतो, गोवर्धनला सत्यवती गेल्यापासून उपरती झाली. कोणी मला भगत म्हणतं.

जयदेव माझं पाणी घेत नाही. स्वतःची घागर खांद्यावर घेऊन झऱ्यावर जातो. त्याने कोणाला काही सांगितलेलं नाही, आणि देवकीलाही बोलू दिलेलं नाही. सकाळी पिंपं घेऊन उतरतो तेव्हा रोज वाटतं, आज त्याने सांगितलं असेल, आज पहिला दगड येईल. बायका कळश्या घेऊन पुढे येतात.

आज तो घागर घेऊन वर चालला होता. बैलांना वाट द्यायला बाजूला झाला. मी गाडी थांबवली. म्हटलं, "जयदेव, तू सांगत का नाहीस लोकांना?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत राग असता तर मला सोसला असता.

"म्या कशापायी सांगू?" म्हणाला. "तोंड तुला हाय."

आणि चढणीला लागला.

कँपात पोचलो तेव्हा सगळ्या बायका गाडीभोवती जमल्या होत्या, चिंचेखाली म्हाताऱ्या माणसांची बैठकही होती. सांगायला याहून बरी वेळ कुठली? मी उभा राहिलो, गळा साफ केला. सगळ्यांनी वर पाहिलं. पुढची म्हातारी, तिचा नातू जूनमध्ये गेला, मीच नेला होता, ती कळशी पुढे करून म्हणाली, "देव तुझं भलं करो, बाबा."

मी खाली वाकलो आणि तिची कळशी भरली.